स्नायू फाटला की नुसता आखडला? खेळातल्या दुखापतीसाठी सोनोग्राफी आणि एमआरआय कसे वापरावेत

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एमआरआयची फाईल घेऊन आला. १०० मीटर पळताना शेवटच्या टप्प्यात मांडीच्या मागे ‘टक्’ झालं आणि तो जागीच बसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘पाय दुखतो’ एवढंच लिहून चिठ्ठी दिली आणि स्कॅन झाला गुडघ्याचा. स्कॅन स्वच्छ होता आणि गुडघाही ठणठणीत होता. दुखापत मात्र गुडघ्याच्या वीतभर वर, चित्राच्या चौकटीबाहेर होती. घरच्यांनी उसने आणलेले पैसे गेले, वर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून तो पोरगा पुन्हा पळायला लागला आणि आठवड्याभरात जास्त फाडून घेऊन आला. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवल्यावर पाच मिनिटांत सगळं दिसलं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, फुटबॉल, क्रिकेट अशा सगळ्या मैदानांवरून आलेले स्नायू मी रोज पाहतो. खेळाडू, पालक आणि प्रशिक्षकांना माझं पहिलं सांगणं एकच असतं: स्कॅनला येताना प्रश्न घेऊन या. ‘नक्की काय झालंय ते बघा’ हा प्रश्न होत नाही. ‘हॅमस्ट्रिंगचं टेंडन बसण्याच्या हाडापासून सुटलंय का?’ हा प्रश्न आहे. (हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू आणि टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.) प्रश्न पक्का असला की कोणती तपासणी, कधी, कुठल्या भागाची, हे आपोआप ठरतं. तो प्रश्न तयार कसा करायचा आणि उत्तर हातात आल्यावर ते वाचायचं कसं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : पहिले दोन दिवस मैदानावर काय टिपून ठेवायचं

दुखापत झाल्याझाल्या कुठलंही मशीन लागत नाही, वही-पेन लागतं. पाच गोष्टी लिहा. काय करताना झालं: पूर्ण वेगात पळताना, पाय ताणताना, लाथ मारताना, की समोरच्याचा गुडघा मांडीवर आदळून? आवाज आला का, म्हणजे ‘टक्’ झालं किंवा मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटलं का? त्यानंतर चालता आलं का? बोट ठेवून दाखवता येईल असं दुखरं ठिकाण कोणतं? आणि काळं-निळं पडलं असेल तर किती वेळाने आणि कुठे?

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण त्याने पुष्कळ लोक फसतात. फाटलेल्या जागेचं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं. मांडीच्या मधोमध फाटलेलं असताना डाग गुडघ्यामागे दिसतो आणि सगळे गुडघाच तपासत बसतात. डागापेक्षा बोटाने दाखवलेल्या जागेवर विश्वास ठेवा.

या दोन दिवसांत मालिश नको, गरम शेक नको, ‘नस बसवून’ घेणं तर मुळीच नको. आपल्याकडे स्नायू, टेंडन, शीर, मज्जातंतू या सगळ्यांना ‘नस’ म्हणतात आणि नस चढली की ती चोळून उतरवायची, असा समज खोलवर रुजलेला आहे. ताज्या फाटलेल्या स्नायूला चोळलं की रक्तस्राव वाढतो. मुका मार असेल तर पुढे त्यात हाड तयार होण्याची भीती असते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. सध्या दाब देणारी पट्टी, पाय उंच ठेवणं, थंड शेक आणि विश्रांती एवढंच.

काही खुणा दिसल्या तर मात्र स्कॅनची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. मार बसल्यावर पाय दगडासारखा घट्ट होत जाणं, बोटं हलवताना असह्य कळ येणं, पायाला मुंग्या येणं किंवा पाय बधिर होणं ही स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची लक्षणं आहेत. तिथे शस्त्रक्रिया करून दाब मोकळा करायचा असतो आणि वेळ तासांत मोजला जातो. अशा वेळी ‘आधी एमआरआय करून घेऊ’ म्हणणं म्हणजे पाय गमावण्याचा धोका पत्करणं. अतिव्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची होत असेल तर तीही तातडीच आहे. तिथे रक्ताची तपासणी लागते, चित्राची नाही.

पायरी २ : स्कॅन लागणार आहे का?

बहुतेक वेळा लागत नाही. स्नायूची साधी ताण-दुखापत चांगला क्रीडावैद्यक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हाताने ओळखतो: दाबून पाहतो, ताणून पाहतो, विरोध देऊन ताकद पाहतो. आठवडाअखेरीला टेनिस बॉल खेळणाऱ्या माणसाची मांडी धरली, चालता येतंय, दोन-तीन दिवसांत उतार पडतोय, तर त्याने ते पैसे वाचवावेत.

स्कॅन कधी घ्यावा, तर उत्तरावरून पुढचा निर्णय बदलणार असेल तेव्हा. माझ्या अनुभवात असे चारच प्रसंग येतात. टेंडन पूर्ण तुटल्याची किंवा हाडापासून सुटल्याची शंका आहे, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे. निदानच पक्कं होत नाही: पोटरीत फाटलंय की रक्ताची गुठळी आहे, मांडी दुखतेय की कमरेतून कळ उतरतेय? त्याच जागी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दुखापत झाली आहे. किंवा स्पर्धा तोंडावर आहे आणि खेळाडूला उतरवायचं की नाही हे ठरवायचं आहे. यातलं काहीच नसेल, तर फक्त ‘खात्री’साठी केलेला एमआरआय पुष्कळदा गोंधळच वाढवतो.

पायरी ३ : कोणती तपासणी निवडायची

मांडी किंवा जांघ दुखावलेलं मूल १३ ते १८ वर्षांचं असेल तर आधी साधा एक्स-रे, तोही कंबरेच्या खालच्या पूर्ण हाडांचा (पेल्विसचा). हे वाक्य शाळेतल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. या वयात स्नायू मजबूत झालेला असतो, पण तो हाडाला जिथे चिकटतो ती वाढीची जागा अजून कच्ची असते. मोठ्या माणसाचा स्नायू फाटतो, मुलाचा स्नायू हाडाचा तुकडा घेऊन सुटतो. लांब उडीत किंवा अडथळ्यांच्या शर्यतीत नितंबाखालच्या, बसण्याच्या हाडाचा तुकडा सुटतो. फुटबॉलला जोरात लाथ मारताना जांघेच्या वरच्या बाजूचा. सगळे ‘जांघ भरली’ म्हणतात आणि महिनाभर तेल लावतात. एका एक्स-रेत ते दिसतं आणि तुकडा किती सरकला आहे त्यावर उपचार ठरतो. लहान तुकडा न सरकता सुटला असेल आणि एक्स-रेत दिसत नसेल, पण मूल मात्र पाऊल टाकत नसेल, तर पुढे एमआरआय.

मोठ्यांमध्ये वरवरचे स्नायू असतील तर सोनोग्राफी पहिली. पोटरीचा आतला भाग, मांडीचा पुढचा भाग, मांडीच्या मागचा मधला आणि खालचा भाग तिच्यात उत्तम दिसतो. तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि खर्च एमआरआयच्या मानाने कितीतरी कमी. शिवाय एक गोष्ट एमआरआयला जमत नाही ती सोनोग्राफीला जमते: हलत्या स्नायूचं चित्र. मी खेळाडूला म्हणतो, ‘टाच मागे ओढ’, आणि स्नायू आकसताना फट उघडते का ते त्याच क्षणी पडद्यावर दिसतं.

पण हात कुणाचा आहे यावर सोनोग्राफीचं सगळं अवलंबून असतं. आपल्याकडची बहुतेक केंद्रं पोटाची आणि गरोदरपणाची सोनोग्राफी करतात. स्नायूसाठी सपाट पट्टीसारखा, जास्त कंपनसंख्येचा, साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगावर फिरवायचा मशीनचा भाग) लागतो आणि स्नायू पाहण्याची सवय लागते. आधी फोन करून विचारा: ‘तुमच्याकडे स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी नियमित होते का?’ विचारायला संकोच करू नका. परदेशात संघाचे डॉक्टर मैदानाच्या कडेलाच छोटं मशीन लावतात, ते पाहून आपल्याकडेही तशी मागणी होते. पण १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी जवळचं नोंदणीकृत केंद्र आधीच हेरून ठेवावं.

एमआरआय लागतो तो खोलवर पाहायला: नितंबाखाली हॅमस्ट्रिंगची सुरुवात, पोटरीतला खोल सोलियस स्नायू, जांघेतली स्नायूंची गुंतागुंत. किंवा वारंवार होणाऱ्या दुखापतीत, जिथे जुना व्रण आणि नवी फाट वेगळी करायची असते. १.५ टेस्ला चुंबकशक्तीचं मशीन पुरेसं आहे, ३ टेस्लाच हवं असा हट्ट नको. शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषधही साध्या स्नायूच्या दुखापतीत लागत नाही. गाठीची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

सीटी स्कॅनला इथे फारसं काम नाही, मुका मारानंतर स्नायूत तयार होणारं हाड पाहणं एवढा अपवाद सोडला तर.

पायरी ४ : कधी करायची

घाई करून पहिल्या दोन-चार तासांत केलेली सोनोग्राफी फसवते. ताजं रक्त आणि स्नायू पडद्यावर जवळजवळ सारखेच करडे दिसतात, फाट लपून जाते. दीड-दोन दिवसांत रक्त पातळ होऊन काळं दिसू लागतं आणि कडा स्पष्ट होतात. एमआरआयलाही साधारण १ ते ३ दिवसांचा काळ सर्वांत बोलका असतो, तेव्हा सूज पूर्ण उमटलेली असते. सोनोग्राफीत पहिल्या दिवशी काही दिसलं नाही पण लक्षणं जोरात असतील, तर दोन दिवसांनी पुन्हा पाहून घ्या.

उशीर मात्र एका बाबतीत महागात पडतो. मोठ्या माणसाचं हॅमस्ट्रिंग हाडापासून पूर्ण सुटलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया सोपी असते. नंतर टोक आकसून खाली सरकतं, आजूबाजूला चिकटतं आणि जवळून जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूलाही ओढून धरतं. पाय पसरून घसरल्यावर नितंबाखाली जोराची कळ, बसता न येणं आणि मांडीच्या मागे मोठा काळा डाग, असं चित्र असेल तर त्याच आठवड्यात एमआरआय.

पायरी ५ : चिठ्ठी नीट लिहून घ्या

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त पायरी. चांगल्या चिठ्ठीचा नमुना देतो:

‘वय २२, कबड्डीत चढाई करणारा. ३ दिवसांपूर्वी वळून मध्यरेषेकडे झेपावताना उजव्या मांडीच्या मागे टक् झालं. बसण्याच्या हाडाखाली सुमारे १२ सेंमीवर दुखरी जागा. मागच्या वर्षी त्याच बाजूला दुखापत. प्रश्न: कोणता स्नायू, टेंडन गुंतलंय का, जुना व्रण आहे का? एमआरआय उजवी मांडी, बसण्याच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत.’

एवढं लिहिलं असेल तर तंत्रज्ञ चुकीच्या जागेचं चित्र घेऊच शकत नाही. डॉक्टरांना वेळ नसेल तर पहिल्या पायरीतली वही सोबत आणा आणि आम्हाला दाखवा. आम्हाला ती हवी असते.

एमआरआयच्या आधी दुखऱ्या जागेवर व्हिटॅमिन ‘ई’ची कॅप्सूल चिकटवायला सांगा. आतलं तेल चित्रात पांढरा ठिपका म्हणून उमटतं आणि नेमकं कुठे दुखतंय ते आम्हाला कळतं. एवढ्याशा कॅप्सूलने निदान सुधारल्याची उदाहरणं मी अनेक पाहिली आहेत.

आणखी काही सांगायला विसरू नका. गेल्या आठवड्यात कंबरेत इंजेक्शन घेतलं का, सुया टोचून उपचार घेतले का, तुंबडी लावली का, नेहमीपेक्षा जड व्यायाम केला का? या सगळ्यांनी स्नायूत सूज दिसते आणि ती फाटल्यासारखी वाटू शकते. नितंबातलं साधं इंजेक्शन एमआरआयवर चकाकतं, आणि ते माहीत नसेल तर रिपोर्टात नसलेली दुखापत लिहिली जाते. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, शरीरात अडकलेला धातूचा कण हे तर तंत्रज्ञ विचारतीलच, पण तुम्ही स्वतःहून सांगा.

पायरी ६ : खोलीत काय घडतं

सोनोग्राफीत आधी बरी बाजू पाहायचा आग्रह धरा. निरोगी स्नायू उभ्या छेदात पक्ष्याच्या पिसासारखा दिसतो, मधल्या दांडीला तिरपे तंतू जोडलेले. आडव्या छेदात काळ्यावर विखुरलेले पांढरे ठिपके. फाटलेल्या जागी पीस विस्कटतं, ओळ तुटते, मधे काळा डोह येतो. मोठ्या फाटीत तुटलेलं टोक त्या डोहात घंटेच्या लोलकासारखं हलताना दिसतं. प्रोब जरा तिरका झाला तरी टेंडन खोटंच काळं दिसतं आणि नसलेली फाट दिसल्याचा भास होतो. म्हणून अनुभवी हात प्रोब मागे-पुढे झुकवून खात्री करतो. दाब फार नको, दाबल्याने रक्ताचा साठा बाजूला सरकतो आणि दिसेनासा होतो.

एमआरआयमध्ये साधारण अर्धा तास निश्चल पडून राहायचं असतं. पायाच्या स्कॅनला बहुतेक वेळा पायाकडूनच आत जायचं असल्याने बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही ते झेपतं. चित्रांचे दोन प्रकार महत्त्वाचे. एका प्रकारात चरबीची चमक दाबून टाकतात, त्यामुळे पाणी आणि सूज पांढरी उठून दिसते. दुसऱ्यात रचना, चरबी आणि काही दिवसांचं जुनं रक्त दिसतं. आडवे छेद नसतील तर स्नायूच्या दुखापतीचा एमआरआय अपुरा समजा. कोणता स्नायू, किती भाग आणि टेंडन गुंतलंय का, हे तिथेच कळतं.

पायरी ७ : रिपोर्ट वाचायला शिका

इथे मी एक उदाहरण घेतो, कारण ते साऱ्या जगाने पाहिलं आहे. ऑगस्ट २०१७, लंडन, जागतिक मैदानी स्पर्धेची ४ गुणिले १०० मीटर रिलेची अंतिम फेरी. उसेन बोल्ट शेवटच्या टप्प्यात डावी मांडी धरून कोसळला. त्या रात्री जमैकाच्या संघाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायात गोळा आला. काही दिवसांनी बोल्टने स्वतःच निदान जाहीर केलं: डाव्या हॅमस्ट्रिंगमधल्या बायसेप्स फेमोरिस स्नायूची, वरच्या बाजूच्या स्नायू-टेंडन जोडावर फाट, थोडं आकसलेलं टोक, ३ महिन्यांचं पुनर्वसन.

हेच वाक्य सुटं करून पाहा. ‘बायसेप्स फेमोरिस’ म्हणजे कोणता स्नायू. मांडीच्या मागे तीन हॅमस्ट्रिंग असतात आणि पूर्ण वेगात पळताना बहुधा बाहेरच्या बाजूचा हाच फाटतो. नृत्यात किंवा पाय उंच ताणताना होणारी दुखापत आतल्या सेमिमेम्ब्रेनोससच्या वरच्या टेंडनला होते. ती सुरुवातीला किरकोळ वाटते पण बरी व्हायला धावपटूच्या दुखापतीपेक्षा जास्त वेळ घेते. ‘वरच्या बाजूच्या’ म्हणजे कुठे. हाडाच्या जितकं जवळ, तितका साधारणपणे जास्त काळ. ‘स्नायू-टेंडन जोड’ म्हणजे कोणत्या ऊतीत. ‘आकसलेलं टोक’ म्हणजे फट पडली आहे. कोणता, कुठे, कशात, किती, या चार शब्दांची उत्तरं नसलेला रिपोर्ट अर्धवट आहे. तो घेऊन परत जा आणि नम्रपणे विचारा.

‘किती’ सांगायची जुनी पद्धत ग्रेड १, २, ३ अशी: थोडं, अर्धं, पूर्ण. ती इतकी ढोबळ आहे की ग्रेड २ मध्ये दोन आठवड्यांचा आणि दोन महिन्यांचा असे दोन्ही खेळाडू बसतात. ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सच्या वैद्यकीय पथकाने २०१४ साली मांडलेलं वर्गीकरण मला जास्त उपयोगी वाटतं. त्यात आकडा आकार सांगतो आणि अक्षर जागा.

आकडा ०: दुखतंय, पण एमआरआय स्वच्छ, किंवा नुसती व्यायामानंतरची पसरलेली सूज. १: आडव्या छेदाच्या १० टक्क्यांहून कमी आणि लांबीला ५ सेंमीपेक्षा कमी सूज. २: १० ते ५० टक्के, ५ ते १५ सेंमी, तंतू तुटले असतील तर ५ सेंमीच्या आत. ३: ५० टक्क्यांहून जास्त, १५ सेंमीहून लांब, तंतूंची मोडतोड ५ सेंमीपेक्षा जास्त. ४: पूर्ण तुटलं. अक्षरांत ए म्हणजे स्नायूच्या बाहेरच्या आवरणाजवळ, बी म्हणजे स्नायू-टेंडन जोडावर, सी म्हणजे दुखापत टेंडनच्या आत शिरलेली.

माझं लक्ष आकड्याच्या आधी अक्षराकडे जातं. ब्रिटिश अ‍ॅथलीट्सच्या नंतरच्या अभ्यासात ‘सी’ प्रकाराला परतायला जास्त वेळ लागला आणि दुखापत उलटण्याचं प्रमाणही जास्त होतं. इतर देशांतल्या काही अभ्यासांत हा फरक एवढा मोठा निघाला नाही, तेव्हा ‘सी’ वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. पण तिथे मी प्रशिक्षकाला वेगाच्या सरावाची घाई करू नका असं नक्की सांगतो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, तो आठवड्यांत सांधतो. टेंडन सावकाश सांधतं, आणि चालताना-जॉगिंग करताना काहीच न दुखल्याने खेळाडू फसतो.

एमआरआय स्वच्छ आला म्हणजे खेळाडू नाटक करतोय, असा अर्थ कधीही काढू नका. लहान दुखापत चित्रात दिसत नाही, किंवा कळ कमरेतून येत असते. अशा खेळाडूंना सहसा लवकर बरं वाटतं, ही चांगली बातमी म्हणून सांगावी.

पोटरी, जांघ आणि मुका मार

पोटरीत सर्वांत जास्त फाटतो तो आतल्या बाजूचा गॅस्ट्रोक्नेमियस स्नायू, त्याच्या खालच्या जोडावर. चाळिशीतला, बऱ्याच दिवसांनी बॅडमिंटनला उतरलेला माणूस, ‘मागून कुणीतरी मारलं’ म्हणून वळून बघतो, मागे कुणी नसतं. सोनोग्राफीत हे फार छान दिसतं. पण पोटरी सुजली, दुखतेय, आणि त्याआधी लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळून राहणं झालं असेल, तर त्याच बैठकीत डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून खोल शिरांत गुठळी नाही ना हे पाहून घ्या. फाट आणि गुठळी एकत्रही असतात. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मी हे दरवेळी पाहतो. सोलियस मात्र कपटी: लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये हळूहळू जडपणा येतो, ‘टक्’ कधी होतच नाही, सोनोग्राफीत सुटून जातो. मॅरेथॉनच्या तयारीत पोटरीचं दुखणं तीन आठवडे हटत नसेल तर एमआरआय करावा. आणि पोटरी दाबल्यावर पाऊल अजिबात हलत नसेल तर टाचेचं टेंडन तुटलं आहे का ते आधी पाहा.

मांडीच्या पुढच्या भागातल्या रेक्टस फेमोरिस स्नायूच्या पोटात एक टेंडन असतं. लाथ मारणाऱ्या आणि जोरात पळणाऱ्या खेळाडूंमध्ये ते फाटलं की प्रकरण लांबतं. जांघेत अ‍ॅडक्टर लाँगस हा मांडी आत ओढणारा स्नायू सर्वांत जास्त दुखावतो, पण तिथे खुबा, हर्निया आणि जघनास्थीचा (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडांचा) जोड हेही संशयित असतात, म्हणून एमआरआय करायचाच असेल तर तो दोन्ही बाजू येतील असा करा.

आता मुका मार. कबड्डीत पकड करताना, फुटबॉलमध्ये टॅकल होताना गुडघा मांडीत घुसतो. सोनोग्राफी सांगते की रक्त स्नायूच्या आत साठलंय की दोन स्नायूंच्या मधे. मधलं रक्त वाट काढून खाली उतरतं, भयंकर काळं दिसतं आणि लवकर बरं होतं. आतलं रक्त अडकून राहतं, बाहेर डागही पडत नाही आणि गुडघा दुमडेनासा होतो. चिंता या दुसऱ्याची करायची. त्यातल्याच काहींमध्ये पुढे स्नायूत हाड तयार होतं, विशेषतः लवकर मालिश केली किंवा जबरदस्तीने गुडघा वाकवला तर.

हे हाड एक्स-रेवर दिसायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. सोनोग्राफीत थोडं आधी कळतं. मधल्या काळात एमआरआय केला तर आजूबाजूच्या सुजेसकट ती गाठ इतकी भीतीदायक दिसते की कर्करोगाची शंका घेतली जाते. सुईने तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखालीही ती हाडाच्या कर्करोगासारखी दिसू शकते. एका तरुण पैलवानाच्या घरच्यांनी अशा शंकेत काढलेल्या रात्री मी जवळून पाहिल्या आहेत. उपाय साधा असतो: मार बसल्याचा इतिहास स्पष्ट असेल आणि बाकी काही खटकत नसेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांनी एक्स-रे किंवा सीटी. बाहेरून कवचासारखं हाड आणि मधला भाग मऊ, असं दिसलं की निश्चिंत व्हायचं. कर्करोगाच्या गाठीत हा क्रम उलटा असू शकतो, म्हणजे हाड मधे आणि मऊ भाग बाहेर. पण मार लागल्याचं आठवतच नाही, गाठ वाढतेय, रात्री दुखतंय, तर थांबू नका, हाडांच्या गाठींच्या तज्ज्ञाकडे जा.

पायरी ८ : परत मैदानात, आणि पुन्हा स्कॅन करायचा का?

‘स्कॅन स्वच्छ आला की खेळवू’ असं म्हणणारे प्रशिक्षक खूप भेटतात. भावना चांगली आहे, पण पद्धत चुकीची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीतून पूर्ण बरे होऊन खेळायला सज्ज झालेल्या ५३ खेळाडूंचा एमआरआय काढला, तर त्यातल्या ८९ टक्क्यांच्या स्नायूत अजून सूज दिसत होती. म्हणजे चित्र शरीराच्या मागून चालतं. चित्र स्वच्छ होण्याची वाट पाहिली तर खेळाडू हकनाक बाहेर बसतो.

परतण्याचा निर्णय मैदानावर होतो. दाबून दुखत नाही, ताणून बरी बाजू आणि दुखरी बाजू सारखी, ताकद जवळपास सारखी, पूर्ण वेगाच्या पळण्यात कळ नाही आणि मनात धाकही नाही. धाक उरला असेल तर तो शरीराचाच निरोप समजा. भरतीच्या मुलांना मी विशेष सांगतो: १६०० मीटर आरामात पळता आलं म्हणजे १०० मीटरला पाय तयार झाला असं नाही. हॅमस्ट्रिंग पूर्ण वेगातच फाटतं, तेव्हा पूर्ण वेग अनेक सरावांत चढत्या क्रमाने तपासल्याशिवाय चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा तो लावू नका.

पुन्हा स्कॅन हवा तो बरं होणं अडकलं तर, नव्याने कळ आली तर, किंवा टेंडनची मोठी दुखापत होती आणि तज्ज्ञांना ते सांधतंय का पाहायचं असेल तर. मोठा रक्तसाठा असेल तर आठवड्याभराने सोनोग्राफी करून तो सुईने काढण्याइतका पातळ झालाय का, हे पाहणंही योग्य.

स्कॅन झाल्यावर रिपोर्टाचा कागद आणि फिल्म घेऊन समाधान मानू नका, मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. दोन वर्षांनी त्याच पायाला पुन्हा काही झालं तर जुन्या व्रणाची लांबी-रुंदी शेजारी ठेवून पाहता येते आणि नवी फाट किती, जुनं किती, याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. सीडीवर खेळाडूचं नाव, बाजू आणि दुखापतीची तारीख मार्करने लिहा आणि एक प्रत संघाच्या फिजिओकडे ठेवा.